वेज कोणती घ्यावी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गोव्यात गोल्फ खेळायच्या जागा थोड्याच. मोबोरला बारा होलांचं पार-थ्री (प्रत्येक होल तीन फटक्यांचा) मैदान आहे, काणकोणला राजबागेत नऊ होलांचं. पार-थ्रीवर पहिला फटका ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बसला नाही की दुसरा वेजचा, म्हणजे जवळून चेंडू उंच उडवायच्या क्लबचाच असतो, त्यामुळे या खेपेच्या पत्रांत ड्रायव्हर या लांब पल्ल्याच्या क्लबविषयी कुणी एक ओळही लिहिलेली नाही याचं नवल नाही. पुढची सगळी उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

प्रश्न : माझी सँड वेज ५६ अंशांची आहे आणि तळावर ०८ असा आकडा आहे. मार्च-एप्रिलमध्ये ती छान चालते. मिरग लागला की तीच वेज चेंडूच्या मागची माती खणते आणि चेंडू पाच-सात यार्डांवर पडतो. प्रशिक्षक म्हणतात मनगटं बघा, मित्र म्हणतात वेज बदला. कुणाचं ऐकू? (एक वाचक, मडगाव)

दोघांचंही, पण आधी जमिनीचं ऐका. ५६ म्हणजे लॉफ्ट, फेस (चेंडूला लागणारी बाजू) किती मागे कललेला आहे ते; ०८ म्हणजे बाऊन्स, तोही अंशांमध्ये. शाफ्ट (दांडा) सरळ धरून क्लब फरशीवर टेकवा आणि बाजूने बघा. फेसची खालची कड, म्हणजे लीडिंग एज, फरशीपासून किंचित वर राहते आणि सोलचा, म्हणजे तळाचा, मागचा भाग खाली टेकतो. सोलच्या या उताराचा फरशीशी जो कोन होतो तो बाऊन्स. ४ ते ६ अंश कमी, ७ ते १० मध्यम, त्याच्या वर जास्त, असं ढोबळपणे धरतात. बाऊन्स कमी असला की कड जमिनीत शिरते. जास्त असला की सोल जमिनीवर आपटून पुढे घसरतो आणि कड वरच राहते.

आपल्याकडची जांभ्याची तांबडी माती मे महिन्यात वाळून शेणाने सारवून चोपलेल्या खळ्यासारखी टणक होते. अशा जमिनीवर ०८ ची कड चेंडूखाली नीट शिरते, म्हणून तुमची वेज तेव्हा चालते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. माती भिजून मऊ झाली की तीच कड अडवायला खाली टणक काही उरत नाही. क्लब चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच रुततो.

प्रशिक्षकांचा मुद्दा असा. हँडल चेंडूच्या पुढे झुकवून मारलं की लॉफ्ट आणि बाऊन्स दोन्ही तेवढ्याच अंशांनी कमी होतात. पाच अंश झुकवलं तर ५६ ची वेज ५१ ची होते आणि ८ चा बाऊन्स ३ वर येतो. आयर्न, म्हणजे मधल्या अंतरांचे लोखंडी क्लब, मारताना अंगवळणी पडलेली ही सवय चिपमध्ये, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यात, तशीच येते. टणक जमिनीवर ती खपून जाते, मऊ जमिनीवर फटका बिघडवते. चेंडू पायांच्या मध्यावर किंवा किंचित पुढे ठेवा, हँडल पट्ट्याच्या बकलासमोर, आणि शाफ्ट जवळजवळ उभा. एवढ्याने सोलचा मागचा भाग कामाला येतो.

वेज बदलण्याआधी एक चाचणी करा. मऊ गवतावर चुन्याची सरळ रेघ ओढा. रेघ दोन्ही पायांच्या बरोबर मध्ये येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता, रेघेवर पुढे पुढे सरकत, दहा वेळा छोटा पिच (उंच जाणारा फटका) मारा. मग डिव्हॉट, म्हणजे क्लबने जमिनीत पाडलेला खड्डा, बघा. दहापैकी सहा-सात वेळा तो रेघेच्या मागे सुरू होत असेल, तर तुमच्या स्विंगचा सर्वांत खालचा बिंदूच मागे आहे. वजन उजव्या पायावर राहतंय. तिथे १४ चा बाऊन्स थोडी सूट देईल, पण दोष तसाच राहील. डिव्हॉट रेघेवर किंवा पुढे सुरू होऊन खोल आणि आखूड पडत असेल तर तुम्ही उभट, म्हणजे क्लब फार वरून खाली आणून, मारणारे, आणि बाऊन्स वाढवायला हवा. पातळ, लांबट ओरखडा येत असेल तर मध्यम बाऊन्स पुरतो.

उभट मारणारे असाल तर ५६ ची वेज १२ ते १४ बाऊन्सची घ्या, पण जुनी टाकू नका. बॅगेत दोन्ही प्रकारचे बाऊन्स असावेत, ही व्यवस्था गोव्याच्या हवेला उत्तम. ५६ ची वेज जास्त बाऊन्सची आणि तिच्या वरची ५० किंवा ५२ ची ०८ ची असली की पावसाळ्यात आणि बंकरच्या सैल वाळूत पहिली, सुकलेल्या उघड्या जमिनीवर दुसरी. उलट चूकही तितकीच होते. मेमधल्या टणक जमिनीवर १४ चा बाऊन्स आपटून उसळतो, कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात.

फक्त आकड्यावरही जाऊ नका. सोलची रुंदी तितकीच महत्त्वाची. रुंद सोलची ०८ ची वेज अरुंद सोलच्या १२ पेक्षा कमी रुतू शकते. आकडा कोन सांगतो, जमिनीला किती धातू टेकणार ते सांगत नाही.

बाऊन्स म्हणजे दोष, असं समजून कमीत कमी आकडा शोधणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एवढंच, की १९३२ साली जीन सॅराझेन यांनी आपल्या निब्लिक या जुन्या पद्धतीच्या लोखंडी क्लबच्या तळाला धातूची भर घालून मुद्दाम बाऊन्स आणला आणि त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकली. आजच्या सँड वेजचा उगम तिथे आहे.

प्रश्न : नवा आयर्नचा संच घेतला. त्याच्या पिचिंग वेजवर ४३ अंश लिहिलंय, ती साधारण ११५ यार्ड जाते. जुनी सँड वेज ५६ ची, ७५ यार्ड. मधलं अंतर कसं मारायचं कळत नाही. किती वेज घेऊ? (एक वाचक, पर्वरी)

एक. ५० अंशांची.

पूर्वीच्या संचांत पिचिंग वेज ४८ च्या आसपास असे. आता कंपन्या आयर्नचं वजन खाली नेऊन लॉफ्ट कमी करतात, म्हणजे दुकानात तुमचा सात नंबर शेजाऱ्याच्या सहा नंबरइतका जातो आणि संच खपतो. याची भरपाई वेजमध्ये करावी लागते. क्लबवर 'पी' लिहिलंय की 'एस' याकडे दुर्लक्ष करा, अंश बघा. तळावर अंश छापलेले नसतील तर कंपनीच्या तक्त्यात मिळतात.

तुमच्या बाबतीत १३ अंशांत ४० यार्ड, म्हणजे अंशाला तीन यार्डांहून थोडं जास्त. ५० अंशांची वेज ९३ ते ९५ च्या आसपास बसेल. ४३, ५०, ५६ ही मांडणी सुटसुटीत आहे. ४८ आणि ५२ अशा दोन घेतल्या तर अंतरं बारा-पंधरा यार्डांची होतील खरी, पण तुमचा प्रत्येक फटका पाच यार्ड इकडे-तिकडे होत असेल तर त्या बारकाईचा उपयोग नाही. शिवाय बॅगेत चौदाच क्लब ठेवता येतात. जास्त निघाला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) ज्या होलवर उल्लंघन झालं त्या प्रत्येकी दोन फटक्यांचा दंड, जास्तीत जास्त चार. पार-थ्री मैदानावर खेळणाऱ्याने लांब आयर्न काढून जागा करावी, वेज काढून नव्हे.

पण ११५ आणि ७५ हे आकडे मोजलेले आहेत की आठवणीतले? आठवणीत नेहमी सर्वांत चांगला फटका राहतो. रिकाम्या मैदानावर, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून, प्रत्येक वेजने दहा चेंडू मारा. सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत जवळचे दोन सोडा, उरलेल्या सहांची सरासरी घ्या. मोजायचं ते चेंडू जिथे पडला तिथपर्यंत, घरंगळत थांबला तिथपर्यंत नाही; ती कॅरी. पावसाळ्यात चेंडू पडल्या जागी थांबतो आणि उन्हाळ्यात पंधरा यार्ड पळतो, म्हणून कॅरीच धरायची. मीटरच्या टेपने मोजत असाल तर १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. आणि मोजताना रेंजचे जुने, दगडासारखे चेंडू नकोत, ज्याने खेळता तोच वापरा.

त्यानंतर प्रत्येक वेजची तीन अंतरं काढा: डावा हात घड्याळात साडेसातवर, नऊवर आणि साडेदहावर. वेग सारखा, फक्त मागे नेण्याची लांबी वेगळी. तीन वेज, नऊ अंतरं. ती वहीत लिहून ठेवा, खेळताना वही बघायला नियमांची आडकाठी नाही. पूर्ण ताकदीने वेज मारायची गरज जवळजवळ कधीच पडू नये. ताकद लावली की स्पिन वाढतो, चेंडू वर चढतो, आणि समुद्रावरून येणारा दुपारचा वारा त्याला हवं तिकडे नेतो.

प्रश्न : ६० घेऊ की ६४? (एक कॉलेजकुमार, वास्को)

तूर्त कुठलीच नको. साठ अंशांचा फेस इतका मागे कललेला असतो की रफमध्ये, म्हणजे लांब गवतात, चेंडू जरा वर बसला तर क्लब त्याच्या खालून निघून जातो. चेंडू फेसच्या वरच्या कडेला लागतो आणि दहा यार्डांवर टपकतो. वाऱ्यात तर अंतराचा काही भरवसाच नाही. ६४ हे सर्कशीचं सामान.

उंच आणि लगेच थांबणारा चेंडू हवा असेल तर ५६ चा फेस उघडायला शीक. आधी फेस उजवीकडे वळवायचा, मग ग्रिप धरायची. उलट क्रमाने केलंस तर मारताना फेस आपोआप बंद होतो. पाय लक्ष्याच्या किंचित डावीकडे, चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, गुडघे नेहमीपेक्षा थोडे जास्त वाकलेले. स्विंग पायांच्या रेषेने, आणि चेंडूजवळ हात थांबवायचे नाहीत. थांबवलेस की खणलंच. फेस उघडल्याने लॉफ्ट वाढतो तसा बाऊन्सही वाढतो, म्हणून हा फटका गवताच्या गादीवरून मारायचा, उघड्या मातीवरून नाही. हे दहातून सात वेळा जमायला लागलं आणि तुझ्या मैदानावर बंकरमागे चिमुकली ग्रीन असेल, तर ५८ चा विचार कर.

प्रश्न : व्होकी वेज ऑनलाइन बघतोय. ५६.१४ एफ, ५६.१० एस, ५६.०८ एम असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे समजले. अक्षराचं काय? (एक वाचक, म्हापसा)

अक्षर म्हणजे ग्राइंड, सोल कुठे कुठे घासून कमी केलाय ते. 'एफ'चा सोल भरलेला. फेस सरळ ठेवून पूर्ण पिच आणि बंकर खेळणाऱ्याला तो बरा. 'एस'मध्ये मागची कड थोडी कमी केलेली, त्यामुळे फेस सरळ किंवा किंचित उघडा, दोन्ही चालतं. 'एम'मध्ये टाच, टोक आणि मागची कड अशा तिन्ही बाजूंनी धातू काढलेला असतो. फेस उघडला तरी लीडिंग एज जमिनीलगत राहते, म्हणून ज्यांना फेस फिरवून नाना तऱ्हा करायच्या आहेत त्यांच्यासाठी तो.

तिघांतून एकच घ्यायची आणि तुमचा स्विंग मध्यम असेल तर ५६.१० एस. पावसाळ्यात आणि सैल वाळूत उभट मारत असाल तर ५६.१४ एफ. 'एम' नवशिक्याने हौसेने घेऊ नये. ०८ च्या बाऊन्समध्ये आणखी धातू काढलेला, सैल वाळूत ती थेट खाली जाते.

दुसऱ्या कंपनीची वेज बघताना ही अक्षरं विसरा. कॅलवेचा 'एस' आणि व्होकीचा 'एस' यांचा एकमेकांशी संबंध नाही. तिथे सोलचा फोटो मागवा. टाचेकडचा भाग बारीक होत गेलाय का आणि मागची कड गोलसर आहे की धारदार, एवढं पाहिलं तरी निम्मं कळतं.

प्रश्न : यजमानांच्या जुन्या संचातली सँड वेज वापरते. माझी उंची पाच फूट एक इंच. चेंडू नेहमी डावीकडे जातो आणि बंकरमधून दोन-तीन फटक्यांशिवाय सुटका नाही. माझंच चुकतंय का? (एक वाचक, काणकोण)

आधी क्लब तपासा. पुरुषांच्या वेजचा स्टीलचा शाफ्ट ११० ते १३० ग्रॅमचा असतो, महिलांच्या संचातला ग्रॅफाइटचा ६० ते ८०. बंकरमध्ये चेंडू नाही, वाळू मारायची असते; त्यासाठी वेग लागतो, आणि जड क्लबने नेमका तोच जातो.

डावीकडे जाण्याचं कारण बहुधा लांबी. कमी उंचीच्या व्यक्तीने लांब क्लब धरला की हात वर राहतात आणि क्लबचं टोक जमिनीवरून उचललं जातं. लॉफ्ट जितका जास्त तितका हा कल चेंडूला अधिक डावीकडे ढकलतो. म्हणून सात नंबर सरळ जातो आणि वेज वळते, असं होतं. खात्री करायची रीत सोपी आहे. चेंडूवर मार्करने जाड रेघ काढा, ती फेसकडे उभी राहील असा चेंडू ठेवा आणि मारा. रेघ फेसवर उमटते. ग्रूव्हशी, म्हणजे फेसवरच्या आडव्या खाचांशी, ती काटकोनात असेल तर क्लब ठीक. वरचं टोक क्लबच्या टोकाकडे झुकलेलं असेल तर तो तुमच्यासाठी फार उभा आहे.

तोपर्यंत ग्रिप एक इंच खाली धरून खेळा. शाफ्ट कापून घेणार असाल तर अर्ध्या इंचापेक्षा जास्त एकदम नको, कारण डोक्याचं वजन हाताला जाणवेनासं होतं आणि क्लब हरवल्यासारखा वाटतो. लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, वाकवायचं काम त्याच्या यंत्रावरच व्हावं. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. आच लागली की होझलमधला (शाफ्ट डोक्यात बसतो त्या नळीतला) इपॉक्सी गोंद सुटतो आणि पुढच्या फटक्याला डोकं चेंडूच्या मागोमाग उडतं.

नवी घ्यायची झाली तर ग्रॅफाइट शाफ्ट, मागून पोकळ असलेलं डोकं, रुंद सोल, ५४ किंवा ५६ अंश, १२ ते १४ बाऊन्स. तुमच्या संचातल्या पिचिंग वेजखेरीज ही एकच पुरे. पिचिंग वेज ६०-६५ यार्ड जात असेल तर मधल्या अंतरासाठी वेगळी वेज घेऊन पैसे घालवू नका. साडेदहाचा स्विंग नऊवर आणला की ते अंतर निघतं.

बंकरमध्ये मात्र फेस थोडा उघडा ठेवा, चेंडूच्या दोन इंच मागे वाळूत आत जा, आणि वाळू ग्रीनवर फेकायची आहे असं धरून स्विंग पूर्ण करा. चेंडू त्या वाळूबरोबर आपसूक निघतो.

प्रश्न : कोलव्याला समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर राहतो. बिनक्रोमची 'रॉ' वेज घेतली, दोन महिन्यांत तांबडी झाली. विकणारा म्हणाला होता गंजाने स्पिन वाढतो. (एक वाचक, कोलवा)

स्पिन ग्रूव्हच्या कडांमुळे, फेसच्या बारीक खरबरीतपणामुळे आणि चेंडूच्या आवरणामुळे येतो. गंजाच्या भरवशावर राहू नका. क्रोम नसल्याने चमक डोळ्यांवर येत नाही आणि हाताला स्पर्श मऊ लागतो असं काहींना वाटतं, 'रॉ' घेण्यामागे तेवढं कारण पुरेसं आहे. पण खाऱ्या हवेत वरवरचा तांबूस थर आणि खोल गेलेला गंज यांत फरक करावा लागतो. ग्रूव्हच्या तळाशी पापुद्रे सुटायला लागले की कडा जातात.

खेळून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, नायलॉनच्या ब्रशने ग्रूव्ह साफ करा (तारेचा ब्रश नको), कापडाने कोरडी करा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते चिकटतं आणि वाळू धरून बसतं. खेळण्याआधी फेसवरचं तेल पूर्ण पुसून टाका, नाहीतर चेंडू घसरतो. बॅगेत ओला टॉवेल कोंबून ठेवणं हे गंजाचं सर्वांत मोठं कारण. लोकरी कव्हरही पावसाळ्यात काढून ठेवा.

मुळात समुद्राजवळ राहणाऱ्याने क्रोमचीच वेज घ्यावी, असं आमचं मत आहे.

प्रश्न : जुनी वेज स्वस्तात मिळतेय. ग्रूव्ह झिजलेत का हे कसं ओळखायचं? धार काढून घेता येते का? (एक वाचक, डिचोली)

नख ग्रूव्हवरून आडवं ओढा. कडेला अडकलं पाहिजे. मग फेसच्या मधोमध खालच्या तीन-चार ग्रूव्हना नख लावून पाहा आणि टाचेकडच्या ग्रूव्हशी ताडून बघा, कारण टाचेकडे चेंडू क्वचित लागतो आणि तिथली धार मूळची राहते. फरक ठळक असेल तर वेज थकली. मैदानावर याची खूण अशी, की तीस-चाळीस यार्डांचा पिच पूर्वीपेक्षा उंच जातो आणि तरी पडल्यावर पुढे पळतो.

ग्रूव्ह खरवडायची हत्यारं मिळतात. घाण काढण्यापुरती ठीक, पण धातू कापून ग्रूव्ह रुंद किंवा खोल झाले की क्लब नियमाबाहेर जाऊ शकतो. २०१० पासून नव्या वेजच्या ग्रूव्हचं आकारमान आणि कडांची धार यांवर मर्यादा आहे, आणि हाताने खरवडताना ती कुठे ओलांडली हे कळायचं साधन घरी नसतं. २०१० च्या आधीची, चौकोनी ग्रूव्हची वेज कुणी 'दुर्मीळ' म्हणून विकत असेल तर घरच्या सरावाला घ्या. स्पर्धेत नेण्याआधी ती चालते का हे समितीला विचारा.

झिजलेली वेज सापडलीच तर तिचा सोलही बघा. उघड्या मातीवर वर्षानुवर्षं खेळलेल्या वेजची लीडिंग एज बोथट होते आणि सोलवरचा बाऊन्सचा आकडा नावापुरता उरतो. लॉफ्ट कुणी वाकवलाय का तेही विचारा. एक अंश कमी केला तर बाऊन्सही एक अंशाने घटतो.

तुमची तक्रार 'चेंडू थांबत नाही' एवढीच असेल तर वेजआधी चेंडू बदलून बघा. कडक आयोनोमरच्या आवरणाचा चेंडू नव्या कोऱ्या वेजलाही फारसा दाद देत नाही; युरेथेन आवरणाचा चेंडू छोट्या फटक्यांत स्पष्ट जास्त फिरतो. आणि फेस कोरडा ठेवा. ओल्या फेसवरून सगळ्यांचाच स्पिन जातो, त्यात वेजचा दोष नसतो.

प्रश्न : जुलैमध्ये बंकरमध्ये पाणी साचतं किंवा वाळू थापून सिमेंटसारखी होते. तिथे कुठली वेज, आणि नियम काय? (एक वाचक, फोंडा)

भिजून घट्ट झालेल्या वाळूत जास्त बाऊन्सची वेज उसळते. तिथे तुमची सर्वांत कमी बाऊन्सची वेज काढा, ५० किंवा ५२ ची ०८ असली तरी चालेल. फेस सरळ ठेवा, चेंडूच्या मागे दोन इंचांऐवजी एक इंच, आणि स्विंग नेहमीपेक्षा आखूड, कारण घट्ट वाळूतून चेंडू वेगाने निघतो आणि पडल्यावर पळतो. बंकरचा ओठ, म्हणजे कड, कमी उंचीचा असेल आणि मध्ये काही आडवं नसेल तर पटरनेही (चेंडू जमिनीवरून घरंगळवायच्या क्लबनेही) काढता येतो. त्यात लाज कसली.

वाळू किती घट्ट आहे हे क्लबने टोचून बघायचं नाही, चेंडूच्या मागे क्लब टेकवायचा नाही, सरावाच्या स्विंगमध्ये किंवा मागे नेताना वाळूला लावायचा नाही. स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके दंड. पायांनी घट्ट उभं राहताना मात्र अंदाज येतोच, आणि त्याला बंदी नाही. वाळूत पडलेलं पान, काडी आता उचलता येते, फक्त चेंडू हलू देऊ नका.

चेंडू साचलेल्या पाण्यात असेल किंवा उभं राहायची जागा पाण्यात येत असेल तर विनादंड सूट मिळते, पण बंकरच्या आतच आणि होलच्या जवळ न जाता. पूर्ण कोरडी जागा नसेल तर सर्वांत कमी पाण्याच्या जागी चेंडू ड्रॉप करा (हातातून सोडा). बंकरबाहेर यायचं असेल तर एक फटका दंड घेऊन, होलपासून चेंडूकडे जाणारी सरळ रेषा मागे वाढवून तिच्यावर ड्रॉप करता येतो. बंकर तुडुंब भरलेला असेल तर समिती तो सगळाच दुरुस्तीखालची जागा म्हणून जाहीर करू शकते, म्हणून खेळ सुरू करण्याआधी फलकावरचे स्थानिक नियम वाचा.